टेस्टोस्टेरॉन नॉर्मल, तरीही पीसीओडी?

पीसीओएस, म्हणजे बोलण्यातल्या पीसीओडीबद्दल, सर्वांत चिवट गैरसमज हाच: टेस्टोस्टेरॉन मर्यादेत आलं, म्हणजे आजार नाही. २००३च्या रॉटरडॅम निकषांप्रमाणे प्रौढ स्त्रीत तीनपैकी दोन गोष्टी आढळाव्या लागतात: अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचं आधिक्य आणि सोनोग्राफीत अंडाशयात दिसणारे अनेक छोटे बीजकोश. हे आधिक्य रक्तातच दिसायला हवं असंही नाही. हनुवटीवर, पोटावर राठ केस वाढले असतील तर तेही धरतात.

शिवाय तपासण्यांच्या पॅकेजमध्ये बहुधा मोजतात ते एकूण टेस्टोस्टेरॉन. त्यातलं बरंचसं एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला बांधलेलं असतं; केस आणि मुरुमं वाढवतं ते मोकळं. रक्तात इन्सुलिन जास्त असलं की यकृत हे प्रथिन कमी तयार करतं. मग एकूण आकडा साळसूद दिसतो आणि मोकळं मात्र वाढलेलं असतं. म्हणून एकूण टेस्टोस्टेरॉन आणि एसएचबीजी दोन्ही मोजून मोकळ्याचा हिशेब काढलेला बरा. गर्भनिरोधक गोळ्या नेमकं उलटं करतात, एसएचबीजी वाढवतात. त्या चालू असताना केलेल्या तपासणीवरून निदान करू नये. गोळ्या थांबवून किमान तीन महिने जावे लागतात. पण हे डॉक्टरांशी बोलून, आणि तेवढ्या काळापुरता दुसरा उपाय ठरवून.

‘एलएच हे संप्रेरक एफएसएच या संप्रेरकाच्या दुप्पट हवं’ हा नियम जुना. आजच्या निकषांत तो नाही.

बीजकोशांतून येणाऱ्या एएमएच या संप्रेरकाचं प्रस्थ हल्ली फार. २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रौढांत सोनोग्राफीऐवजी ते चालेल असं म्हटलं आहे. किशोरवयीन मुलींत नाही. एकटं वाढलेलं एएमएच म्हणजे पीसीओएस नव्हे. आणि आकडा मोठा म्हणून गर्भधारणा सोपी, असंही नाही: बीजकोश पुष्कळ असले तरी बीज वेळेवर बाहेर पडतंच असं नाही.

टीएसएच, प्रोलॅक्टिन, सतरा-ओएचपी या रक्ततपासण्या कशाला, असं अनेकींना वाटतं. पाळी बिघडवणारे दुसरे आजार वगळायला. प्रोलॅक्टिन तर सुईच्या धास्तीनेही थोडं चढतं; किंचित वाढलं तर पुन्हा तपासावं.

पैसे वाचवायचेच असतील तर उपाशीपोटीच्या इन्सुलिनवर वाचवा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन केलेली साखरेची तपासणी मात्र टाळू नका, बांधा सडपातळ असला तरीही.