उंदराने श्वास आवरला तेव्हा

नव्या प्लायवूडच्या कपाटाचं दार उघडलं की डोळ्यांना चुरचुरवणारा जो वास येतो, त्यात बहुतेकदा फॉर्मॅल्डिहाइडचा वाटा असतो. हा वायू वर्षानुवर्षं नाकात जात राहिला तर काय होतं, हे अमेरिकेतल्या ‘केमिकल इंडस्ट्री इन्स्टिट्यूट ऑफ टॉक्सिकॉलॉजी’ या संस्थेने उंदरांवर तपासून घेतलं. उंदीर दोन जातींचे होते: पंचवीस-तीस ग्रॅमचा माऊस आणि त्याच्या दहापट वजनाचा रॅट. दोघांनाही दिवसाला ६ तास, आठवड्याला ५ दिवस, अशी २ वर्षं वायूमिश्रित हवा दिली गेली.

निकाल १९८३ साली प्रसिद्ध झाला. हवेच्या दहा लाख भागांत वायूचे १४.३ भाग, ही त्यातली सर्वांत जास्त मात्रा. त्या गटातल्या १०३ रॅटच्या नाकात कर्करोग आढळला. माऊसमध्ये फक्त दोघांना.

मग माऊस काटक म्हणायचा का? संशोधकांनी त्याचा श्वास मोजला तेव्हा खरं कारण कळलं. नाकाला झोंबणारा वायू जाणवताच माऊस आपला श्वास मंदावतो आणि तासन् तास तसाच ठेवतो. रॅटला हे तितकं जमत नाही. त्यामुळे हवा तीच असली तरी माऊसच्या नाकातल्या नाजूक अस्तरावर, तेवढ्याच जागेत, रॅटच्या मानाने साधारण निम्माच वायू पोचत होता. आणखी एक आकडा इथे फार बोलका आहे: ५.६ भागांच्या सौम्य हवेत रॅटमध्येही दोघांनाच कर्करोग झाला होता. म्हणजे नाकापर्यंत पोचलेली मात्रा जुळवली, की दोन जातींमधलं ते प्रचंड अंतर जवळपास मिटतं.

विषारीपणाची तुलना एवढी नाजूक गोष्ट आहे. तरी ती एकाच आकड्यात बसवली जाई. जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी १९२७ साली ‘एलडी-५०’ ही मोजणी मांडली. निम्मे प्राणी ज्या मात्रेला दगावतात ती मात्रा. डिजिटालिस, इन्सुलिन यांसारख्या औषधांची ताकद ठरवण्यासाठी ती होती. पुढे हा आकडा कारखान्यातल्या रसायनांनाही चिकटला. त्याच्या जुन्या, बरेच प्राणी मारणाऱ्या चाचणीची मार्गदर्शिका आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने (ओईसीडी) २००२ मध्ये मागे घेतली, हे चांगलंच झालं. कारण त्यातून मरण मोजलं जाई. हळूहळू मुरणारा आजार मोजला जात नसे.

कृत्रिम रबर ज्यापासून बनतं त्या ब्युटाडाइनने तर पारडंच फिरवलं. इथे माऊस भलताच हळवा निघाला. दहा लाखांत अवघे ६.२५ भाग असतानाही माद्यांच्या फुप्फुसांत गाठी वाढल्या. रॅटवरचे प्रयोग मात्र याच्या कितीतरी पट जास्त, १,००० आणि ८,००० भागांवर झाले होते. माऊसचं शरीर या वायूचं रूपांतर डीएनएला इजा करणाऱ्या इपॉक्साइडमध्ये कितीतरी जास्त प्रमाणात करतं, हे त्यामागचं मोठं कारण.

माणूस या दोघांपैकी कोणाच्या जवळचा, यावर बराच वाद झाला. पण रबर कारखान्यांतल्या कामगारांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचं वाढलेलं प्रमाण दिसत होतं, आणि माऊसचं शरीर वेगळं म्हणून त्याचा इशारा बाजूला सारणं कामगारांच्या जिवावर बेतलं असतं. अमेरिकेने १९९६ मध्ये कामाच्या जागेवरची ब्युटाडाइनची मर्यादा दहा लाखांत १,००० भागांवरून थेट १ भागावर आणली.