पोटात गोळा, जांघेत गाठ

रात्री साडेनऊची विरार लोकल. नालासोपाऱ्याला कसंबसं दाराशी यायचं, उतरायचं, घरी डब्याची पिशवी टाकायची आणि जिम गाठायची. तुळिंज-आचोळ्याकडच्या नोकरदार पोरांना व्यायामाला मिळतो तो हाच तास. थकलेल्या अंगाने डेडलिफ्टचा शेवटचा सेट श्वास रोखून मारला जातो आणि दुसऱ्या दिवशी फलाटावर उभं असताना उजव्या जांघेत ओढल्यासारखं वाटतं. ‘हर्निया तर नाही?’ ही शंका एकदा आली की चर्चगेटपर्यंत डोक्यातून जात नाही.

मराठीत भीती वाटली की पोटात गोळा येतो. इथे गोळा भीतीचा की आतड्याचा, हेच कळत नाही. दुखण्याची जागा अशी की आईला सांगता येत नाही आणि मित्रांना सांगावं तर थट्टा होते. मग ट्रेनरला विचारायचं. तो म्हणतो, ‘नस चढली असेल.’ मग मोबाइल, मग मेडिकलमधून आणलेला पट्टा. डॉक्टरांचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागतो.

ट्रेनरचं म्हणणं पुष्कळदा बरोबरही निघतं. वजन उचलल्यावर जांघेत दुखलं, तर मांडीच्या आतल्या बाजूचा किंवा पोटाचा स्नायू ताणलेला असू शकतो. हर्नियाची खूण दुखणं ही नाही, फुगवटा ही आहे. आरशासमोर उभं राहून दोन्ही जांघा पाहाव्यात आणि जोरात खोकावं. एका बाजूला लिंबाएवढा उंचवटा वर येत असेल आणि आडवं पडल्यावर तो आत जात असेल, तर हर्नियाचा संशय घ्यायला जागा आहे. लहान हर्निया आरशात दिसत नाही, म्हणून दुखणं रेंगाळलं तर तपासून घ्यावं. डॉक्टर जांघेवर बोटं ठेवून खोकायला सांगतात. तरीही शंका राहिली, तर सोनोग्राफी.

हर्निया बाहेर येतो तो पोटाच्या भिंतीतल्या भोकातून. हे भोक येतं कुठून? मुलगा आईच्या पोटात असताना त्याची वृषणं आधी पोटात असतात. जन्माआधीच्या शेवटच्या महिन्यांत ती जांघेतल्या वाटेने खाली उतरतात आणि मागे ती वाट बुजते. काहींची नीट बुजत नाही. काहींची भिंत वय वाढेल तशी सैल पडते. सायकलच्या टायरला भेग पडली की आतली ट्यूब फुगा काढते, तसा तिथून आतड्याचा किंवा पोटातल्या चरबीचा भाग बाहेर डोकावतो. आपल्याकडचे जुने लोक याला ‘आतडं उतरलं’ म्हणतात, पुस्तकी शब्द अंतर्गळ. १०० पुरुषांपैकी साधारण २७ जणांना आयुष्यात कधी ना कधी जांघेचा हर्निया होतो. बायकांमध्ये हे प्रमाण ३ च्या आसपास आहे.

म्हणजे डंबेल हा एकटा गुन्हेगार नव्हे. कमकुवत जागा बहुधा आधीपासून असते, जोर पडल्यावर ती दिसू लागते. अमेरिकेत २० निरोगी तरुणांच्या पोटातला दाब मोजला, तेव्हा सर्वांत जास्त दाब खोकताना आणि उड्या मारताना भरला. बिडी-सिगारेटचा जुना खोकला आणि संडासला कुंथणं यांच्याकडेही म्हणूनच बघायला हवं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर नेलेला भरला सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो. जिममध्ये पाठ वाकली तर कुणीतरी टोकतं, जिन्यात कुणी टोकत नाही.

हर्निया निघालाच, तरी तो त्याच रात्रीचा प्रसंग नसतो. त्रास नसलेल्या किंवा थोडा त्रास असलेल्या ७२० पुरुषांवरचा अमेरिकी अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. नुसती देखरेख ठेवलेल्यांमध्ये आतडं अडकून घात होण्याचं प्रमाण वर्षाला हजारी दोनहून कमी होतं. पण दहा वर्षांच्या आत त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी शस्त्रक्रिया करून घेतली, बहुतेकांनी दुखणं वाढलं म्हणून. थांबता येतं, विसरता येत नाही. बायकांच्या जांघेतल्या हर्नियाला मात्र थांबणं लागू नाही, कारण त्यात आतडं अडकण्याचा धोका जास्त असतो.

घाई करायची वेळ वेगळी. गाठ कडक झाली, हात लावू देईना, आडवं पडूनही आत जाईना, वरची कातडी लाल-काळी पडली, उलट्या सुरू झाल्या, गॅस-शौच थांबलं, तर अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो. तेव्हा गाठ दाबत बसू नये, सकाळची वाट पाहू नये, थेट शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठावं.

पट्ट्याने भोक बुजत नाही. तालमीतल्या घट्ट लंगोटानेही बुजत नव्हतं. उपाय शस्त्रक्रियाच, उघडी किंवा दुर्बिणीची, आणि बहुधा आतून जाळी लावून. या जाळीच्या कथेत महाराष्ट्राचंही एक पान आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोंगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेलं मच्छरदाणीचं कापड वापरून पाहिलं आणि २००३ साली आपले निष्कर्ष मांडले. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर अशा स्वस्त जाळीची बाजारातल्या जाळीशी तुलना झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत वर्षभरानंतर दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी तर रुग्णाच्याच स्नायूच्या आवरणाची पट्टी वापरून जाळीविना दुरुस्ती करण्याची पद्धत २००१ साली प्रसिद्ध केली.

मग जिमचं काय? स्नायू ताणला असेल तर काही दिवस विश्रांती, मग हलक्या वजनापासून सुरुवात. उचलताना श्वास रोखायचा नाही, सोडायचा. हर्निया असेल तर किती उचलायचं, हे तपासणारे सर्जन ठरवतील. शस्त्रक्रियेनंतरही पुष्कळ जण वजनांकडे परततात.

शेवटी सगळं अडतं ते लाजेपाशी. डॉक्टरांच्या खोलीत पडदा ओढला जातो. ‘उभे राहा, खोका.’ दोन मिनिटांचं काम. ते महिनाभर टाळून रोज फलाटावर उभ्याउभ्या चोरून जांघ चाचपण्यापेक्षा एकदा खोकून आलेलं बरं.