विश्लेषण : होलोकॉस्टचे साक्षीदार उरले थोडे… त्यांच्या आठवणी कोण आणि कशा जपणार?

आउशवित्झ छळछावणीच्या मुक्ततेला २७ जानेवारी २०२५ रोजी ८० वर्षे झाली. पोलंडमधील त्या स्मृती कार्यक्रमाला अनेक देशांचे राजे आणि राष्ट्रप्रमुख आले होते. मात्र राजकीय नेत्यांची भाषणे ठेवलीच नव्हती. व्यासपीठ होते ते छावणीतून वाचलेल्या वृद्धांसाठी. २०१५ मध्ये असे सुमारे ३०० जण तेथे आले होते. २०२५ मध्ये ही संख्या ५० च्या आसपास होती.

होलोकॉस्ट म्हणजे काय?

नाझी जर्मनी आणि तिच्या साथीदारांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केलेला सुमारे ६० लाख ज्यूंचा संहार म्हणजे होलोकॉस्ट. एकट्या आउशवित्झमध्ये सुमारे ११ लाख जण मारले गेले. त्यातील जवळपास १० लाख ज्यू होते. सोव्हिएत फौजांनी २७ जानेवारी १९४५ रोजी ही छावणी मुक्त केली.

स्मृतिदिन दोन कसे?

संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये २७ जानेवारी हा आंतरराष्ट्रीय स्मृतिदिन ठरवला. इस्रायलचा ‘योम हाशोआ’ त्याहून जुना आहे. त्यासाठीचा कायदा १९५९ मध्ये झाला. हा दिवस हिब्रू पंचांगातील निसान महिन्याच्या २७ तारखेला येतो. त्यामुळे आपल्या तिथीप्रमाणे तोही इंग्रजी तारखेच्या मागेपुढे होतो. एप्रिल १९४३ मधील वॉर्सा घेट्टोतील ज्यूंच्या सशस्त्र उठावाशी त्याचे नाते जोडले जाते.

त्या दिवशी काय होते?

आदल्या संध्याकाळी जेरुसलेममधील ‘याद वाशेम’ या स्मारकात ६० लाख मृतांच्या स्मरणार्थ सहा मशाली पेटवल्या जातात. हा मान वाचलेल्यांचा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजता देशभर दोन मिनिटे भोंगा वाजतो. महामार्गावरच्या गाड्याही थांबतात आणि लोक खाली उतरून स्तब्ध उभे राहतात. मृतांच्या नावांचे जाहीर वाचनही होते. ६० लाख हा आकडा मनात मावत नाही, एक नाव मात्र मावते. अशी सुमारे ५० लाख नावे शोधण्यात यश आल्याचे याद वाशेमने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले.

दिवाणखान्यातील स्मरण कशासाठी?

सुरुवातीच्या वर्षांत वाचलेल्यांचे ऐकायला फारसे कोणी तयार नव्हते. १९६१ मध्ये जेरुसलेममध्ये अॅडॉल्फ आइकमनवर खटला चालला. त्यात १०० हून अधिक साक्षीदार बोलले आणि चित्र पालटले. पुढे सरकारी कार्यक्रम ठरीव साच्याचे होऊ लागले, तरुण दुरावू लागले. त्यातून २०११ च्या सुमारास ‘झिकारोन बासालोन’, म्हणजे ‘दिवाणखान्यातील स्मरण’, हा उपक्रम सुरू झाला. कोणीही आपल्या घरी मित्र-शेजाऱ्यांना बोलावतो. आधी वाचलेल्या व्यक्तीची कहाणी ऐकायची, मग गाणे किंवा वाचन आणि शेवटी मोकळी चर्चा. समोर माणूस बसलेला असतो, त्याला प्रश्न विचारता येतो. हीच या बैठकीची ताकद.

साक्षीदार किती उरले?

‘क्लेम्स कॉन्फरन्स’ या संस्थेच्या जानेवारी २०२४ मधील अहवालानुसार, ९० हून अधिक देशांत मिळून सुमारे २ लाख ४५ हजार जण हयात होते. त्यातील जवळपास निम्मे इस्रायलमध्ये होते. बहुतेकांनी हा छळ बालपणी सोसलेला. पुढच्या दहा वर्षांत यातील सुमारे ७० टक्के लोक हयात नसतील, असा अंदाज संस्थेने २०२५ मध्ये मांडला.

त्यांच्यानंतर काय?

चित्रपट दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेकडे ५० हजारांहून अधिक साक्षींचे ध्वनिचित्रमुद्रण आहे. काही संग्रहालयांत पडद्यावरील व्यक्तीला प्रश्न विचारता येतो आणि संगणक आधी मुद्रित केलेल्या उत्तरांतून योग्य ते निवडतो. पण न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता मिळणार नाही. शिवाय होलोकॉस्ट झालाच नाही, असे म्हणणारे आजही आहेत. ‘मी तिथे होतो’ असे त्यांना सुनावणारा उरणार नाही, तेव्हा ‘मी त्यांच्याकडून ऐकले आहे’ असे सांगणारे लागतील. दिवाणखान्यातल्या बैठकी त्यांनाच तयार करत आहेत.