जोसेफ डनिंजर

जोसेफ डनिंजर (२८ एप्रिल, इ.स. १८९२:न्यू यॉर्क शहर - ९ मार्च, इ.स. १९७५:न्यू जर्सी) हे अमेरिकन जादूगार व मनकवडेपणाचे प्रयोग करणारे कलावंत होते.

कारकीर्द

रंगमंचावरील जादूच्या खेळांपासून सुरुवात करून डनिंजर पुढे मुख्यत्वे मनोवाचनाकडे वळले. प्रेक्षकांनी मनात धरलेली नावे व आकडे ते ओळखून दाखवीत. इ.स. १९४३मध्ये त्यांचा नभोवाणी कार्यक्रम सुरू झाला. इ.स. १९४८मध्ये शब्दभ्रमकार पॉल विंचेल यांच्यासमवेत ते दूरचित्रवाणीवर आले. प्रेक्षकांत आपले हस्तक असल्याचे सिद्ध करणाऱ्यास त्यांनी १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले होते.

भोंदूगिरीविरुद्धचे कार्य

मृतात्म्यांशी संवाद साधत असल्याचे भासवणाऱ्या माध्यमांच्या लबाड्या त्यांनी आपले स्नेही हॅरी हूडिनी यांच्याप्रमाणेच उघडकीस आणल्या. इनसाइड द मीडियम्स कॅबिनेट (इ.स. १९३५) हे त्यांचे पुस्तक याच विषयावर आहे. आपल्या अंगी दैवी शक्ती असल्याचे ते नाकारीत. परंतु स्वतःचे प्रयोग मात्र खरेखुरे विचारवाचन म्हणूनच सादर करीत. त्यामुळे इतरांची हातचलाखी उघड करणाऱ्या या कलावंताच्या प्रयोगांत युक्तीचा भाग किती, हा प्रश्न प्रेक्षकांपुढे कायम राहिला.