मदतीचे पान का उघडत नाही?

दक्षिण दिल्लीतील सरोजिनी नगर ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी वसविलेली जुनी वसाहत. एके काळी तिला विनय नगर म्हणत. पुढे सरोजिनी नायडूंचे नाव तिला मिळाले. नाव बदलले तरी घरे जागच्या जागी होती. म्हणून पाकिटावर कोणी जुनेच नाव घातले, तर जाणता पोस्टमन ते पत्र योग्य दारी पोहोचवू शकत असे. परंतु २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास संमती दिली. त्यांत सरोजिनी नगरही होते. जुनी घरे पाडून तेथे उंच इमारती उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. पाडलेल्या घराच्या क्रमांकावर आलेले पत्र पोस्टमन कितीही जाणता असला तरी कोठे देणार?

संगणकावरील एखाद्या सॉफ्टवेअरची मदत मागितली असता जे घडते, ते समजून घेण्यास या दोन प्रसंगांतील फरक उपयोगी पडतो. वापरणारा एफ-१ ही कळ दाबतो, ब्राउझर उघडतो, आणि पान मात्र येत नाही. सॉफ्टवेअर बिघडले अशी समजूत करून घेऊन माणूस ते काढून पुन्हा बसवितो किंवा यंत्र उचलून नेहरू प्लेसच्या दुरुस्तीच्या दुकानांची वाट धरतो. पुष्कळदा हा खटाटोप अनाठायी असतो. पान आणि वाचक यांच्यामधील वाट कोठेतरी अडलेली असते, आणि ती कोठे अडली हे बहुधा ब्राउझरच सांगत असतो. त्याचा संदेश वाचण्याचे कष्ट घेतले जात नाहीत, एवढेच.

मदतीच्या कळीमागे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्याने एक पत्ता लिहून ठेवलेला असतो. कालांतराने तो आपली पाने दुसरीकडे हलवितो. त्याने जुन्या जागी ‘अमुक ठिकाणी गेलो आहे’ अशी सूचना ठेवली असेल, तर ब्राउझर मुकाट्याने नव्या जागी जातो; वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही. विनय नगरच्या पत्राची ही गोष्ट झाली. सूचना नसेल, तर ‘४०४’ हा आकडा दिसतो. त्याचा अर्थ असा की वस्ती सापडली, त्या नावाचे घर सापडले नाही. अशा वेळी पत्त्याचा शेपटाकडील भाग खोडून मुख्य पानावर जावे व तेथून शोध घ्यावा. किंवा तोच जुना पत्ता इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेच्या, २००१ साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या संग्रहात घालून पाहावा. कित्येक नाहीशी झालेली पाने तेथे जपून ठेवलेली आढळतात. याउलट ‘सर्व्हर सापडला नाही’ असा संदेश आला, तर वस्तीच सापडलेली नाही. मग दुसरे एखादे संकेतस्थळ उघडते का, हे प्रथम पाहावे. तेही न उघडल्यास दोष आपल्याच जोडणीत आहे.

याहून गोंधळात टाकणारा प्रकार म्हणजे मदतीची पाने आपल्याच संगणकात असूनही ती न उघडणे. पत्त्याच्या आरंभी ‘फाइल’ हा शब्द आणि त्यापुढे तीन तिरप्या रेघा दिसल्या, की पान घरातलेच आहे असे समजावे. इंटरनेटचा येथे काही संबंध नसतो. मग घरातले पान का दिसू नये?

याचे उत्तर सुरक्षिततेत आहे. परक्या ठिकाणाहून आलेल्या पानाने वापरणाऱ्याच्या खासगी फाइली वाचून त्या बाहेर पाठवू नयेत, म्हणून ब्राउझरभोवती गेली वीस-पंचवीस वर्षे एकेक कुंपण घातले जात आहे. कुंपण चोरासाठी असले तरी ते घरच्या माणसालाही अडविते. लिबर ऑफिसचे उदाहरण बोलके आहे. २०१८ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या ६.० या आवृत्तीपासून या सॉफ्टवेअरची मदत नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडू लागली. पुढे एप्रिल २०२२ मध्ये उबुंटू प्रणालीची २२.०४ ही आवृत्ती आली. तीत फायरफॉक्स हा ब्राउझर ‘स्नॅप’ नावाच्या बंदिस्त वेष्टनात दिलेला होता. या वेष्टनातील ब्राउझरला वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरांत जाता येते. प्रणालीच्या ज्या भागात लिबर ऑफिसची मदत साठविलेली असते, तेथे मात्र तेव्हा जाता येत नव्हते. परिणामी डिस्कवर फाइल असूनही ‘फाइल सापडली नाही’ असे उत्तर मिळू लागले. ते खोटेच म्हणावयाचे, कारण ‘तुला तेथे प्रवेश नाही’ हे खरे उत्तर होते. यावर उपाय सोपा आहे. मदतीचे संपूर्ण फोल्डर आपल्या घरच्या फोल्डरात उतरवून घ्यावे आणि तेथून त्याचे पहिले पान उघडावे. किंवा वेष्टनाबाहेरचा ब्राउझर वापरावा.

विंडोज प्रणालीवर हीच कहाणी आधी घडून गेली होती. तेथील मदतीची फाइल, जिच्या नावाच्या शेवटी ‘सीएचएम’ ही अक्षरे असतात, इंटरनेटवरून उतरवून घेतली की डावीकडे अनुक्रमणिका दिसते आणि उजवीकडे मजकुराऐवजी पान दाखविता येत नसल्याची सूचना. बाहेरून आलेल्या फाइलीवर विंडोज एक अदृश्य खूण करून ठेवते. २००४ साली एक्सपीची दुसरी सुधारणा आली तेव्हापासून ही खूण मजकूर अडवू लागली. फाइलीवर उजवी कळ दाबून तिच्या गुणधर्मांच्या चौकटीत ‘अनब्लॉक’ केले की मजकूर दिसतो. मात्र फाइल विश्वासाच्या ठिकाणाहून आलेली असावी, ही अट विसरू नये. जून २००५ च्या सुरक्षा-सुधारणेनंतर अशी फाइल कचेरीतील दुसऱ्या संगणकावरून थेट उघडणेही बंद झाले. ती आपल्या डिस्कवर उतरवून घ्यावी लागते. आणखी एक गमतीचा अडथळा आहे. फोल्डरच्या नावात दोन उभ्या व दोन आडव्या रेघांची ‘हॅश’ ही खूण असली, तरी मजकूर दिसत नाही, कारण पत्त्यात त्या खुणेला निराळा अर्थ आहे. ‘सी शार्प’ या भाषेच्या नावात तीच खूण येते, त्यामुळे तिच्या अभ्यासकांना हा अनुभव विशेष येतो.

कधी पान उघडते, पण त्यातील शोधाची चौकट मुकी राहते. एका स्थानिक फाइलीने शेजारची फाइल वाचू नये असा नियम आधुनिक ब्राउझर पाळतात. फायरफॉक्सने तो २०१९ मध्ये अधिक कडक केला. संगणकावर पायथॉन असेल, तर त्यातील छोटा सर्व्हर त्या फोल्डरात चालू करून १२७.०.०.१ या पत्त्यावरून तीच पाने पाहता येतात. हा पत्ता म्हणजे संगणकाने स्वतःलाच दिलेली हाक होय.

दूरच्या पानांच्या बाबतीत एक कारण इतके क्षुल्लक आहे, की ते कोणाच्या ध्यानात येत नाही. सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख एका प्रमाणपत्राने पटविते आणि त्या प्रमाणपत्राला मुदत असते. संगणकाच्या मुख्य पाटीवरील नाण्याएवढा सेल संपला, की यंत्र बंद असताना घड्याळ थांबते व पुन्हा चालू केल्यावर कित्येक वर्षे मागची तारीख दाखविते. त्या तारखेला प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नसते. ब्राउझर पान नाकारतो. तारीख सुधारली व काही रुपयांचा सेल बदलला, की निकामी ठरविलेले यंत्र पूर्ववत चालू लागते. घड्याळ बरोबर असूनही हाच संदेश येत असेल, तर प्रणाली फार जुनी असण्याचा संभव आहे. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका मोठ्या प्रमाणपत्र-संस्थेच्या जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा जगभरातील अनेक जुनी यंत्रे अशीच अडली होती. तेथे ‘तरीही पुढे जा’ हे बटण दाबण्यापेक्षा नवा ब्राउझर बसविणे, किंवा तेच पान मोबाईलवर वाचणे बरे.

मराठी वाचकाला यापुढची एक अडचण येते. पान उघडते, परंतु अक्षरांऐवजी परकी चिन्हे दिसतात. युनिकोडच्या प्रचलित मांडणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठविले जाते. ब्राउझरने पानाची मांडणी पश्चिम युरोपीय समजून वाचली, तर तीन अक्षरांचा ‘मदत’ हा शब्द नऊ चिन्हांचा होतो आणि दर तिसऱ्या जागी तिरकी मात्रा असलेले रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा येते. हे ‘ए’ दिसले, तर मजकूर शाबूत आहे असे खुशाल समजावे. फायरफॉक्समध्ये मजकुराचे संकेतन दुरुस्त करण्याची सोय ‘व्ह्यू’ या यादीत आहे. ती निवडताच अक्षरे बहुधा ठिकाणावर येतात.