कारभारी जनरल

२ ऑक्टोबर १९५०. पेकिंगमधले भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना मध्यरात्री झोपेतून उठवून चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांच्याकडे नेण्यात आलं. निरोप एकच होता. कोरियात अमेरिकन सैन्याने दोन्ही कोरियांना विभागणारी ३८वी अक्षांशरेषा ओलांडली, तर चीन युद्धात उतरेल. नेहरूंच्या सरकारने तो निरोप लंडनला आणि वॉशिंग्टनला पोहोचवला. वॉशिंग्टनने तो मनावर घेतला नाही. पणिक्कर चीनकडे झुकलेले आहेत, असं तिथे मत होतं, आणि चाऊंची धमकी ही नुसती हूल आहे, असं परराष्ट्र खातं धरून चाललं.

त्यानंतर पाच दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, एक आजारी जनरल अमेरिकेच्या सीआयएचा प्रमुख म्हणून खुर्चीत बसला. त्याचं नाव वॉल्टर बीडल स्मिथ. पोटातल्या अल्सरमुळे त्याच वर्षी त्याच्या जठराचा मोठा भाग शस्त्रक्रिया करून काढलेला होता आणि तो विलक्षण रोडावला होता. अध्यक्ष ट्रुमनने आधी विचारलं तेव्हा त्याने नकार दिला होता. पण जूनमध्ये उत्तर कोरियाने दक्षिणेवर हल्ला केला, युद्ध पेटलं, आणि मग त्याला नाही म्हणता आलं नाही.

हेरगिरीच्या इतिहासात गाजतात ते हेर, फितूर आणि पाडलेली सरकारं. स्मिथचं नाव त्यात फारसं येत नाही. माझ्या मते मात्र देशाच्या गुप्तचर यंत्रणेचं काम नेमकं काय, हे समजून घ्यायला त्याच्या कारकिर्दीइतकी चांगली दुसरी वाट नाही.

स्मिथचा जन्म १८९५ साली इंडियानापोलिसचा. कॉलेजचं शिक्षण पुरं झालं नाही, वेस्ट पॉइंटची सैनिकी अकादमी तर दूरच. १९११ साली तो इंडियाना राज्याच्या नॅशनल गार्डमध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाला. पहिल्या महायुद्धात अधिकारी होऊन फ्रान्सला गेला आणि आघाडीवर पोहोचून फार दिवस झाले नसतानाच, ऑगस्ट १९१८ मध्ये, तोफगोळ्याचा तुकडा लागून जखमी झाला. मायदेशी परतल्यावर काही काळ लष्कराच्या गुप्तवार्ता विभागात नेमणूक मिळाली. पुढची वीस वर्षं संथ गेली. शांततेच्या काळातल्या त्या लहानशा सैन्यात बढत्या मुंगीच्या पावलांनी यायच्या. १९३९ साली तो मेजर झाला तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. मधल्या काळातली एक नेमणूक सरकारच्या अंदाजपत्रक कार्यालयातली. खात्याखात्यांतली कागदांची लढाई कशी लढली जाते, ते तो तिथे शिकला, आणि हे शिक्षण त्याला आयुष्यभर पुरलं.

फोर्ट बेनिंगच्या पायदळ शाळेत जॉर्ज मार्शलने त्याचं बोलणं ऐकलं आणि हा माणूस लक्षात ठेवला. १९३९ मध्ये मार्शल लष्करप्रमुख झाला आणि त्याने स्मिथला वॉशिंग्टनला आपल्या कचेरीत आणलं. साहेबाकडे काय न्यायचं आणि काय बाहेरच निकालात काढायचं, ही पारख स्मिथकडे होती. एका छोट्या, हलक्या मोटारीची योजना लष्कराच्या खात्यांनी नाकारली होती. ती थेट मार्शलपुढे नेऊन मंजूर करून घेणारा स्मिथच. तीच पुढे जीप म्हणून जगभर धावली.

सप्टेंबर १९४२ मध्ये तो आयसेनहॉवरचा चीफ ऑफ स्टाफ झाला. मोठ्या लग्नघरात भटारखान्यापासून जानवशापर्यंत सगळ्यांना सांभाळणारा, वरपक्षाचे रुसवे काढणारा, आणि वेळ आली की वाईटपणा घेणारा एक कर्ता माणूस असतो. दोस्त राष्ट्रांच्या सेनामुख्यालयात ती जागा स्मिथची होती. आयसेनहॉवर हसतमुख राहू शकला, कारण रागावण्याचं काम स्मिथ करत होता. त्याच्या जिभेला धार होती आणि हाताखालचे अधिकारी त्याला टरकून असत. अल्सरचा त्रास तेव्हापासूनच होता.

वाटाघाटींची नाजूक कामंही त्याच्याच गळ्यात पडत. ऑगस्ट १९४३ मध्ये तो ब्रिटिश गुप्तवार्ता अधिकारी केनेथ स्ट्राँगसह गुपचूप लिस्बनला गेला आणि इटलीच्या जनरल कास्तेलानोशी शरणागतीची बोलणी केली. ३ सप्टेंबरला सिसिलीतल्या कासिबिले इथे तंबूत सह्या झाल्या, तेव्हा आयसेनहॉवरच्या वतीने सही त्याची होती. ३० एप्रिल १९४५ रोजी हॉलंडमधल्या आख्तरफेल्ट गावी तो नाझी प्रशासक झाईस-इंक्वार्टसमोर बसला. जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये लोक भुकेने मरत होते आणि त्यांच्यापर्यंत अन्न पोहोचवायला वाट हवी होती. ती त्याने मिळवली. आठवड्याभरात, ७ मेच्या पहाटे २ वाजून ४१ मिनिटांनी, रांस शहरातल्या एका शाळेत जर्मनीच्या जनरल योडलने शरणागतीवर सही केली. सर्वोच्च सेनापतीच्या वतीने समोर सही करणारा पुन्हा स्मिथच.

युद्ध संपल्यावर ट्रुमनने त्याला मॉस्कोला राजदूत म्हणून धाडलं. १९४६ ते १९४८ ही शीतयुद्धाची बी रुजण्याची वर्षं. बर्लिनची नाकेबंदी सुरू झाली तेव्हा ऑगस्ट १९४८ मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच प्रतिनिधींबरोबर तो स्टालिनला भेटला. सोव्हिएत सत्ता आतून पाहिलेला, फौज चालवलेला आणि अध्यक्षाशी सरळ बोलू शकणारा माणूस ट्रुमनला १९५० साली हवा होता. असा दुसरा जवळपास कोणी नव्हता.

सीआयएची अवस्था त्या वेळी बिकट होती. १९४७ च्या कायद्याने ही संस्था जन्माला आली ती पर्ल हार्बरच्या धड्यातून. तुकड्यातुकड्यांत माहिती असूनही ती एका जागी जुळवणारं कोणी नव्हतं, आणि ते पुन्हा घडू नये हा तिचा हेतू. पण लष्कर, नौदल, हवाई दल आणि परराष्ट्र खातं आपापली माहिती मुठीत धरून बसत. आधीचा प्रमुख हिलेनकोटर हा रिअर ॲडमिरल. त्याच्या हुद्द्याला बड्या सेनाधिकाऱ्यांपुढे वजन नव्हतं. लेफ्टनंट जनरल स्मिथ बैठकीला बसला की हा प्रश्नच उरत नव्हता, आणि १९५१ मध्ये तर त्याला चौथा तारा मिळाला.

आल्या आल्या कसोटी लागली. ट्रुमन कोरियातल्या फौजांचा सेनापती मॅकआर्थर याला भेटायला वेक बेटावर निघाला होता आणि त्याला कोरिया, तैवान, इंडोचायना, फिलिपिन्स यांविषयीचे अंदाज ताबडतोब हवे होते. स्मिथने सगळ्या खात्यांच्या गुप्तवार्ताप्रमुखांना एकत्र बसवलं, रात्रीत काम करायला लावलं आणि वेळेत कागद तयार केले. १२ ऑक्टोबरच्या त्या कागदात चिनी हस्तक्षेपाबद्दल लिहिलं होतं, की तो शक्य आहे, पण १९५० मध्ये होण्याचा संभव कमी. १९ ऑक्टोबरला चिनी फौजा सीमेवरची यालू नदी ओलांडून कोरियात शिरू लागल्या. नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांचा प्रचंड हल्ला झाला आणि संयुक्त राष्ट्रांचं सैन्य मागे रेटलं गेलं. पेकिंगहून पणिक्करांनी कळवलेली गोष्ट खरी ठरली होती.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. शिस्त होती, सर्व खाती एका टेबलाशी होती, कागद वेळेवर होता, आणि तरी निष्कर्ष चुकला. सगळ्यांचं एकमत होतं, पण ते सगळे एकाच बाजूने पाहत होते. चीन असा धोका पत्करणार नाही, हे आधीच ठरवून टाकल्यावर राजदूताचा निरोप कानांवर पडूनही ऐकू येत नाही.

स्मिथ थांबला नाही. हार्वर्डचा इतिहासकार विल्यम लँगर आणि येलचा इतिहासकार शर्मन केंट यांना आणून त्याने राष्ट्रीय अंदाजांचं स्वतंत्र कार्यालय उभारलं. माणसं थोडी, पण काम एकच. सगळीकडून आलेली माहिती तोलायची, मत लिहायचं, आणि एखाद्या खात्याला ते पटलं नाही तर त्याचं वेगळं मत तळटीपेत छापायचं. वाद झाकून गुळगुळीत कागद वर पाठवण्यापेक्षा मतभेद अध्यक्षाला दिसू देणं, ही मला त्याची मोठी देणगी वाटते. रोजच्या घडामोडींचं कार्यालय, प्रशिक्षणाचा विभाग आणि तपासनीस हे सगळं त्याच काळातलं. संदेश पकडण्याच्या आणि फोडण्याच्या कामातला गोंधळ त्याने डिसेंबर १९५१ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषदेपुढे मांडला. त्यातून चौकशी समिती बसली आणि नोव्हेंबर १९५२ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा संस्था, म्हणजे एनएसए, अस्तित्वात आली.

मे १९५१ मध्ये ब्रिटिश परराष्ट्र खात्यातले सोव्हिएत हेर बर्जेस आणि मॅक्लीन पळाले, तेव्हा वॉशिंग्टनमधला ब्रिटिश गुप्तचर प्रतिनिधी होता किम फिल्बी. याला परत बोलवा, असं स्मिथने लंडनला बजावलं. फिल्बी सोव्हिएत हेर असल्याचं जगाला कळायला पुढे बारा वर्षं लागली.

खरी झुंज मात्र घरातच होती. गुप्त कारवाया करणारा फ्रँक विस्नरचा विभाग पैसे सीआयएकडून घेई आणि हुकूम परराष्ट्र व संरक्षण खात्यांकडून. पहिल्याच आठवड्यात स्मिथने सांगून टाकलं, की यापुढे हुकूम माझा. पण विभाग ताब्यात आला तरी त्याची वाढ आवरेना. १९४९ साली त्यात ३०२ माणसं होती आणि खर्च ४७ लाख डॉलर. १९५२ साली माणसं २,८१२, शिवाय परदेशात कंत्राटावर ३,१४२, आणि खर्च ८ कोटी २० लाख डॉलर. या कारवाया मूळ कामालाच गिळतील, ही भीती स्मिथने राष्ट्रीय सुरक्षा परिषदेला लेखी कळवली आणि मर्यादा ठरवून मागितली. ऑक्टोबर १९५१ मध्ये परिषदेने उत्तर दिलं ते कारवाया आणखी वाढवण्याचं. सैनिकाने हुकूम मानला. १९५२ मध्ये त्याने माहिती गोळा करणारा विभाग आणि कारवाया करणारा विभाग एका छपराखाली आणले.

त्याचे हात स्वच्छ होते असं म्हणता येणार नाही. ग्वाटेमालाचं निवडून आलेलं सरकार उलथवण्याची पहिली योजना १९५२ साली त्याच्याच कारकिर्दीत शिजली. फेब्रुवारी १९५३ मध्ये तो सीआयए सोडून परराष्ट्र उपमंत्री झाला. त्या पदावर असताना इराणचे पंतप्रधान मोसादेक यांच्याविरुद्धच्या उठावाला आणि १९५४ च्या ग्वाटेमाला कारवाईला त्याचा पाठिंबा होता. पुढे तो युनायटेड फ्रुट कंपनीच्या संचालक मंडळावर बसला. ग्वाटेमालातल्या जमीन सुधारणांनी ज्या कंपनीच्या जमिनी गेल्या होत्या, तीच ही कंपनी. गुप्त कारवायांचा धोका नेमका ओळखलेल्या माणसाने त्यांत भाग घ्यावा, याचं मला दुःख होतं.

जिनिव्हा परिषदेत १९५४ साली इंडोचायनाचा प्रश्न आला. परराष्ट्रमंत्री डलेस लवकर परतला आणि अमेरिकेची बाजू स्मिथने सांभाळली. तिथे झालेल्या कराराला बळाने बाधा आणणार नाही, असं निवेदन त्याने २१ जुलैला केलं. त्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे आलं.

सेनापतीच्या हाती गुप्तचर संस्था द्यावी का, यावर देशोदेशीचे रिवाज वेगळे. आपल्याकडे १९६८ मध्ये रॉ स्थापन झाली ती पोलीस सेवेतल्या रामेश्वरनाथ काव यांच्या हाताखाली, आणि सेवेतला जनरल तिथे प्रमुख म्हणून कधी आला नाही. पाकिस्तानात आयएसआय जनरलच चालवतात, आणि देशाच्या राजकारणावर त्याची छाया किती पडली ते आपण पाहतोच. स्मिथ या दोहोंपेक्षा वेगळा होता. वर्दीचा उपयोग त्याने इतर खात्यांकडून माहिती काढून ती विद्वानांच्या टेबलावर ठेवण्यासाठी केला.

त्याच्यानंतर सीआयएचा प्रमुख झाला ॲलन डलेस, परराष्ट्रमंत्री डलेसचा भाऊ, स्मिथचाच उपप्रमुख आणि गुप्त कारवायांचा हौशी. एप्रिल १९६१ मध्ये क्यूबावर बे ऑफ पिग्जची मोहीम निघाली. त्या किनाऱ्यावर उतरलेल्यांना जनता साथ देईल का, हा प्रश्न सीआयएच्या आपल्याच अंदाज मंडळाला, स्मिथने उभारलेल्या त्या कार्यालयाच्या मंडळाला, कोणी अधिकृतपणे विचारलाच नाही. मोहीम तीन दिवसांत संपली. ९ ऑगस्टला स्मिथ वारला. नोव्हेंबरमध्ये ॲलन डलेसला पद सोडावं लागलं.