प्लाझ्माचं घड्याळ
बाटलीमागून बाटली रक्त चढवलं, तरी ब्लीडिंग थांबत नाही, असं का होतं? उत्तर दडलंय त्या पिवळसर पिशवीत!

अमरावती-अकोला हायवे आठवतोय ना? जून २०२२मध्ये इथेच ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस रेकॉर्ड झाला होता. रस्ता मस्त, स्पीडही मस्त! पण अशा रस्त्यावर अपघात झाला, की दुसरंच घड्याळ सुरू होतं. रक्ताचं.

एकात तीन
ऑफिसच्या कॅम्पमध्ये तुम्ही दिलेली ३५० मिलीची पिशवी बहुतेक वेळा जशीच्या तशी चढवत नाहीत. मशीनमध्ये गरगर फिरवून तिचे तीन भाग करतात. तांबड्या पेशी फ्रिजमध्ये ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. रक्त गोठवणारे फॅक्टर्स असतात प्लाझ्मात. तो काही तासांतच वेगळा काढून उणे ३० अंशांत ठेवला, की वर्षभर टिकतो. गंमत बघा, रक्त गोठवण्याची ताकद टिकवायला आधी प्लाझ्माच गोठवावा लागतो!

वितळला की टिकटिक
द्यायच्या वेळी तो ३७ अंशांच्या पाण्यात साधारण अर्धा तास वितळवतात. इथून उतरण सुरू. सगळ्यात नाजूक फॅक्टर ८. फ्रिजमध्ये ठेवूनही २४ तासांत त्याचा बराच जोर जातो. फॅक्टर ५ हळूहळू उतरतो, फायब्रिनोजेन मात्र तग धरतं. म्हणूनच अमेरिकेतली काही ट्रॉमा सेंटर्स वितळलेला प्लाझ्मा ५ दिवसांपर्यंत तयार ठेवतात. अपघातात तो अर्धा तासही महाग पडतो ना!

आणि नुसत्या तांबड्या पेशी देत राहिलं तर? पेशंटचे स्वतःचे फॅक्टर्स पातळ होतात. पिशवीतलं सायट्रेट कॅल्शियम पकडून ठेवतं, थंडगार रक्ताने गोठणं आणखी मंदावतं. २०१५मध्ये ६८० जखमींवरच्या अमेरिकन अभ्यासात प्लाझ्मा, प्लेटलेट्स आणि पेशी सारख्या प्रमाणात दिल्यावर पहिल्या २४ तासांत रक्तस्रावाने झालेले मृत्यू कमी दिसले.

शेतातला शत्रू
आपल्यापैकी कित्येकांचं निम्मं घर अजून वऱ्हाडातल्या शेतात आहे. तिथे घोणस चावली, की तिचं विष हेच फॅक्टर्स संपवतं. डॉक्टर थोडं रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही, तर धोका! पण इथे पहिलं औषध सर्पविषावरची लसच. आधी प्लाझ्मा दिला, तर विष तोही फस्त करतं. लस दिल्यावरही ब्लीडिंग चालूच राहिलं, तरच प्लाझ्माचा विचार.

एवढं करा
* वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ असेल तर बिनधास्त रक्त द्या.
* पुरुषांनी ३ महिन्यांनी, स्त्रियांनी ४ महिन्यांनी पुन्हा देता येतं.
* कॅम्पवाल्यांना एकच विचारा, ‘रक्ताचे घटक वेगळे करता का?’ उत्तर ‘हो’ असेल, तर तुमची एक पिशवी तिघांच्या कामी येऊ शकते.